अनाथालय काढायला निघाले, त्याची फाइल

आमचं गाव, जिल्हा आणि संस्थेचं नाव यात कुठेच येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाव छोटं आहे, नाव सांगितलं की आमच्याकडच्या मुली कोण ते कळायला वेळ लागणार नाही. बाकी तारखा, पैसे आणि फजित्या जशा घडल्या तशा लिहिते. आम्ही सुरुवात केली तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर निदान चार खेपा वाचल्या असत्या.

मी मिशन हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होते. मार्च २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात कोविडची दुसरी लाट आली. मे महिन्यात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता: दोन लहान मुली, आईवडील कोविडनं गेले, कुणी दत्तक घेणार असेल तर या नंबरवर फोन करा. मी तो मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर पुढे पाठवला. चांगलं काम केलं असंच वाटलं. असं परस्पर मूल देणंघेणं गुन्हा आहे आणि असले मेसेज पोचवणाऱ्यांत मीही होते, हे मला वर्षभरानं कळलं.

पण डोक्यात विचार आला तो त्या मेसेजमुळेच. माझ्या आजीचे आईवडील १९१८ च्या मानमोडीत आठवड्याच्या अंतरानं गेले. आजी मिशनच्या बोर्डिंगात वाढली, शिकली, शिक्षिका झाली. आमच्या घरात अक्षर आलं ते त्या बोर्डिंगातून. तिनं मागे ठेवलेलं घर आणि अकरा गुंठे जागा रिकामीच पडली होती. आमचे हे एसटीतून निवृत्त झालेले. जून २०२१ मध्ये एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या ओट्यावर बसून आम्ही सात जणांनी ठरवलं, ख्रिस्ती अनाथालय काढायचं. सहा महिन्यांत सुरू होईल असं मी बोलून गेले. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मला पाठ होती, तरी तिचा अर्थ मी चुकीचा घेतला होता.

पहिला मुक्काम धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास नोंदवायचा होता. वकिलांनी आम्ही लिहिलेला उद्देश वाचला, ‘ख्रिस्ती समाजातील अनाथ मुलांचे पालनपोषण करणे’, आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, “बाई, असं लिहिलंत तर देणगीदाराला ८०-जीची करसवलत मिळणार नाही. एकाच धर्माच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेला ती नसते.” त्या एका वाक्यानं आमच्यात दोन आठवडे चर्चा झाली. शेवटी ‘जात, धर्म, पंथ न पाहता’ असं लिहिलं. खरं सांगायचं तर तेव्हा ते करसवलतीसाठीच लिहिलं होतं.

विश्वस्तांचे आधार, पॅन, फोटो, कार्यालयाच्या पत्त्यासाठी घरपट्टीची पावती, जागामालक म्हणून माझं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, संस्थेची घटना. एका विश्वस्ताचं नाव आधारवर एक आणि पॅनवर दुसरं. बाप्तिस्म्याचं नाव आणि शाळेतलं नाव वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी. त्याच्या राजपत्रातल्या नावबदलासाठी दीड महिना गेला. तुम्ही सुरू करणार असाल तर सगळ्यांची कागदपत्रं आधी एका टेबलावर मांडून नावं जुळवा, मगच वकिलाकडे जा. जानेवारी २०२२ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. वकील, स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स मिळून बावीस हजार गेले होते.

मग संस्थेचं पॅन, बँकेत खातं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद आणि आयकर खात्याकडे फॉर्म १०-ए. त्यावर १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफीसाठी) आणि ८०-जीची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळाली. हे मात्र सरळ झालं. सीएनं सात हजार घेतले.

पैशाबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. शिकागोतला माझा मामेभाऊ पाच हजार डॉलर पाठवायला तयार होता. सीए म्हणाले, पासपोर्ट कुठला? अमेरिकेचा. मग नाही. तो परदेशी स्रोत झाला. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती साधारणपणे तीन वर्षं जुन्या आणि त्या तीन वर्षांत कामावर पंधरा लाख खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. दुबईतल्या भाचीचा पासपोर्ट भारतीय आहे, तिनं पगारातून बँकेमार्फत दिलेलं चाललं. म्हणजे माणूस राहतो कुठे यापेक्षा त्याचा पासपोर्ट कुठला ते बघा. मामेभाऊ दुखावला. त्याला वाटलं आम्हाला त्याचे पैसे नकोत.

मार्च २०२२ मध्ये पहिल्यांदा महिला व बाल विकासच्या जिल्हा कार्यालयात गेलो. मी म्हटलं, “अनाथालय काढायचंय.” टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “अनाथालय असं आता काही नसतं. बालगृह म्हणा. मुलांचं का मुलींचं?” याचा विचारच आम्ही केला नव्हता. मोठी मुलं-मुली एका छताखाली ठेवता येत नाहीत. मुलींचं, मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे निम्मी योजना बदलली. त्याच बाईंनी तासभर बसवून सगळं समजावलं. कलम ४१ खाली नोंदणी, अर्जाचा नमुना २७, नोंदणीशिवाय एक जरी मूल ठेवलं तर कलम ४२ खाली वर्षभरापर्यंत कैद किंवा किमान लाखाचा दंड किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूल आपण आणायचं नसतं. ते बाल कल्याण समितीच्या लेखी आदेशानंच येतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ती समिती, प्रत्येक जिल्ह्यात असते. एवढं सांगणाऱ्या त्या बाईंची दोन महिन्यांनी बदली झाली. पुढच्या माणसाकडे आमची कहाणी पुन्हा पहिल्यापासून.

घराचं काम एप्रिलमध्ये काढलं. नियमांत सगळं मोजून दिलेलं आहे. झोपायच्या खोलीत प्रत्येक मुलीमागे ४० चौरस फूट, सात मुलींमागे एक संडास, दहांमागे एक न्हाणीघर. शिवाय आजारी मुलींची खोली, समुपदेशनाची खोली, जेवणाची जागा, ग्रंथालय, कोठीघर. पन्नास मुलांच्या संस्थेचा हिशेब साडेआठ हजार चौरस फुटांच्या आसपास जातो. आमचं घर सगळं धरून बत्तीसशे. म्हणून वीस मुलींचा अर्ज केला. काही भिंती पाडल्या. आजीची माजघराची भिंत पाडताना मी बाहेर जाऊन उभी राहिले. संडास, पाण्याची टाकी, कुंपण, सीसीटीव्ही, आग विझवण्याची साधनं, पलंग, कपाटं मिळून चौदा लाख साठ हजार खर्च आला. त्यातले नऊ लाख माझ्या ग्रॅच्युइटीचे, तीन लाख मंडळीच्या वर्गणीचे, बाकी उसने. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, इमारत मजबुतीचा दाखला, अग्निशमनचा दाखला, पाणी तपासणीचा अहवाल, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, बाल संरक्षण धोरण. यातला एक दाखला देणाऱ्या माणसानं “बघा काहीतरी” असं दोनदा म्हटलं. आमचे हे रोज सकाळी डबा घेऊन त्याच्या दारात बसायला लागले. एसटीतल्या माणसाला वाट बघायची सवय असते. अकराव्या दिवशी दाखला मिळाला.

ऑगस्ट २०२२ मध्ये फाइल दिली, २१४ पानांची. एकच सल्ला लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा: फाइलच्या प्रत्येक पानावर क्रमांक घाला, तीन संच करा आणि आपल्या संचावर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. नोव्हेंबरमध्ये फाइल सापडत नाही असं ऐकायला मिळालं. आवक क्रमांक दाखवल्यावर ती दुसऱ्या कपाटात निघाली.

त्यात १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. आता नोंदणीच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस हवी. आमची फाइल नेमकी दोन नियमांच्या मध्ये सापडली. नवी पद्धत कशी राबवायची हे खालच्यांना वरून कळायचं होतं, आणि वरचे म्हणत, प्रस्ताव तर येऊ द्या. महिनाभरात तात्पुरती नोंदणी मिळाली नाही तर अर्जाची पोचच सहा महिने तात्पुरती नोंदणी मानावी, अशी तरतूद कायद्यात आहे. वकील म्हणाले, करा सुरू. मला धीर झाला नाही. उद्या काही झालं असतं तर पोचपावती कुणाच्या तोंडावर धरणार?

आणि नेमकं तेव्हाच, नोव्हेंबरातल्या एका रात्री साडेनऊला मंडळीतले एक काका दोन मुलांना घेऊन दारात उभे राहिले. बहीण नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. आई बाळंतपणात गेली, बाप पिऊन कुठेतरी पडलेला, ऊसतोडीची टोळी निघून गेलेली. रिकामे पलंग मांडून ठेवलेले होते. मुलांनी पलंगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पिठलं-भात केला आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. निराधार मूल सापडल्याचं चोवीस तासांत कळवायचं असतं, समितीपुढेही चोवीस तासांतच न्यायचं असतं. सकाळी निघालो. अध्यक्षबाईंनी फोन केल्याबद्दल बरं केलंत म्हटलं आणि मग शांतपणे सांगितलं की तुमच्याकडे देता येणार नाही, नोंदणी नाही. मुलगी एका तालुक्यातल्या बालगृहात गेली, मुलगा दुसऱ्या. गाडीत बसताना ती भावाची चप्पल नीट करत होती. परतीच्या एसटीत मी काही बोलले नाही. मनात मात्र सगळ्या कार्यालयांना शिव्या घालत होते. आमची नोंदणी वेळेवर झाली असती तरी आमचं बालगृह मुलींचंच होतं, भाऊ कुठेतरी दुसरीकडेच गेला असता. पण ते त्या दिवशी सुचलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तपासणी झाली. सहा जण आले. संडास मोजले, कोठीतली डाळ हुंगली, गच्चीचा कठडा हलवून बघितला. मग त्यांतल्या एका वयस्कर सदस्यांनी भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केलं. “मुलींना प्रार्थना सक्तीची असणार का?” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “पंडिता रमाबाईही नाहीच म्हणत होत्या. तरी मुली ख्रिस्ती होतील या शंकेनं १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर त्यांच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले.” मला राग आला. त्याच रमाबाईंनी दुष्काळात शेकडो मुली केडगावला आणून जगवल्या, त्याचं काय, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आठ वर्षांची पोर ज्या घरात जेवते त्या घरातल्या माणसांना खूष ठेवायला काहीही करते. तिला सक्ती करावीच लागत नाही. वॉर्डात मी हे पाहिलेलं आहे. कुठल्याही धर्माचं पोर रात्रपाळीच्या नर्सला आवडेल तेच गाणं म्हणायचं.

त्या रात्री विश्वस्तांची बैठक घेतली आणि मी ठराव मांडला. झोपायच्या आणि जेवायच्या खोलीतून क्रूस काढायचा, तो आमच्या खोलीत राहील. जेवणाआधी मिनिटभर शांत बसायचं, ज्यानं त्यानं आपापलं म्हणावं किंवा म्हणू नये. रविवारी उपासनेला फक्त ख्रिस्ती घरातल्या मुली, तेही पालकाच्या लेखी संमतीनं. इतर मुलींचे सण त्यांच्या घरी होतात तसे. यावर आवाज चढले. ज्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यात मोठी देणगी दिली होती ते उठून म्हणाले, “मग ख्रिस्ती कशाला म्हणायचं? धर्मशाळा म्हणा.” मी म्हटलं, माझ्या आजीला कुणी विचारलं नव्हतं. ती जन्मभर मनापासून ख्रिस्ती होती, रोज पहाटे शास्त्र वाचायची, पण “मला विचारलं नाही गं कुणी” हेही तिनंच एकदा मला सांगितलं होतं. ते राजीनामा देऊन गेले. मंडळीत अजून भेटतात, सलाम होतो, तेवढंच. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो मी एकोणनव्वदाव्या दिवशी दिला. रोज वाटायचं, ते परत येतील.

तपासणीत सहा त्रुटी निघाल्या. समुपदेशकाचं नियुक्तिपत्र, गच्चीचा कठडा, तक्रारपेटी, असलंच. त्या पुऱ्या केल्या. फाइल जिल्हाधिकारी, मग पुण्याचं आयुक्तालय, मग पुढे असा प्रवास करत राहिली. मी पुण्याला तीन खेपा घातल्या. २६ जुलै २०२३ ला पाच वर्षांचं प्रमाणपत्र हातात पडलं, विनाअनुदानित तत्त्वावर. मंडळीत त्या रविवारी आभाराची प्रार्थना झाली आणि घरी येऊन मी दुपारभर झोपले.

दुसऱ्याच दिवशी समितीकडे गेले. ती नोव्हेंबरमधली मुलगी आता आमच्याकडे पाठवा, म्हटलं. अध्यक्षबाईंनी रजिस्टर काढलं. ती बहीण-भाऊ दोघंही मार्चमध्येच मावशीकडे गेली होती. मावशी आधीही तयार होती, तिला फक्त खर्चाची भीती होती. बाल संगोपन योजनेतून, म्हणजे मूल संस्थेत न जाता घरातच वाढावं म्हणून सरकार देतं त्या मदतीतून, प्रत्येक मुलामागे दरमहा पैसे मंजूर झाले आणि तिनं दोघांना नेलं. २०२३ मध्ये ती रक्कम मुलामागे महिना २,२५० रुपये झाली. दोघं एकाच शाळेत जातात. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, आधी मला काहीतरी हिरावल्यासारखं वाटलं. ते पलंग, ती भिंत, चौदा लाख साठ हजार.

अध्यक्षबाई बोलायला स्पष्ट होत्या. “तुमच्याकडे एका मुलीचा महिन्याचा खर्च किती धरलाय?” सगळे पगार धरून साडेनऊ हजार. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. कायद्याच्या सुरुवातीलाच तत्त्वं दिली आहेत, त्यांत लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. २१४ पानांची फाइल करताना ते वाक्य मी निदान तीनदा टाइप केलं असेल.

पहिली मुलगी ऑगस्टच्या मध्यात आली, समितीचा आदेश आणि एक पिशवी घेऊन. आल्यापासून चोवीस तासांत वैद्यकीय तपासणी, वैयक्तिक काळजी आराखडा, शाळेत नाव. जन्माचा दाखला कुणाकडेच नसतो. आधी शाळेचा दाखला शोधा, मग ग्रामपंचायतीचा, दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीवरून वय ठरवतात. डिसेंबरपर्यंत नऊ मुली झाल्या. पहिले तीन महिने मी रात्री झोपले नाही म्हटलं तरी चालेल. एकीला अंधाराची भीती, एक भाकरी उशीखाली लपवायची. अधीक्षिका दुसऱ्याच महिन्यात सोडून गेली, पगार परवडत नव्हता. नवीन मिळेपर्यंत रजिस्टरं मीच लिहिली, एकूण सतरा. मुलींच्या बाल समितीनं तक्रारपेटीत पहिली तक्रार टाकली: ‘उपमा नको.’ दुसरी: ‘बाई रात्री टॉर्च मारून बघतात, झोप मोडते.’ दोन्ही मान्य केल्या.

आज तेरा मुली आहेत. आईवडील दोघंही नसलेल्या दोनच. बाकीच्यांना आई आहे नाहीतर बाप आहे, आजी आहे. काहींना घरात धोका आहे म्हणून त्या इथे आहेत आणि त्यांच्यासाठी हे घर हवंच, याबद्दल मला शंका नाही. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या दारात जी पोरं आणली गेली त्यांतली कितीतरी फक्त गरिबीमुळे आणली होती. ऊसतोडीला जाताना मुलांना मागे सांभाळायला कुणी नाही म्हणून, किंवा नवरा गेला आणि उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, फिटली नाही म्हणून. पूर्वी मी त्यांना आत घेण्याची खटपट केली असती. आता आधी आईला बसवते, चहा देते आणि बाल संगोपनचा अर्ज काढते. वीस मुलींची मंजुरी आहे, सात पलंग रिकामे आहेत. देणगीदार विचारतात, संस्था भरत का नाही? त्यांना काय सांगायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही.

आतापर्यंत एकतीस मुलांचे अर्ज भरले, त्यांतले बावीस मंजूर झाले, चार नामंजूर, बाकी कुठल्या तरी टेबलावर आहेत. पैसे दरमहा वेळेवर येतील असं समजू नका. येतात तेव्हा काही महिन्यांचे एकदम येतात, हे आईला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ती आपल्यावर रागावते. दर शनिवारी दहा ते एक मी चर्चच्या आवारात लिंबाखाली बसते. येणाऱ्यांनी मृत्यूचा दाखला मूळ आणि तीन झेरॉक्स, मुलाचं आधार, शाळेचं बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक आणावं. घरासमोर उभं राहून काढलेला मायलेकरांचा फोटो मोबाइलमध्ये असला तरी चालतो. प्रिंट आम्ही काढून देतो.